ठाणे-नवी मुंबईत को-वर्किंगची जागा घेताना

को-वर्किंगच्या, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या तयार ऑफिसच्या, चौकशीला फोन केला की समोरून पहिला प्रश्न येतो, "किती सीट?" त्याआधीचा प्रश्न मात्र आपण स्वतःलाच विचारायला हवा. बसायला जागा हवी आहे, दार लावून बोलता येईल अशी खोली हवी आहे, की कागदावर दाखवायला पत्ता हवा आहे? या तीन गोष्टींचे दर, करार आणि लागणारे कागद वेगवेगळे असतात. पुष्कळ नवे लोक पत्त्यासाठी जातात आणि सीट घेऊन येतात. काही जण सीटसाठी जातात आणि केबिनचा करार करून बसतात. ठाण्यात किंवा नवी मुंबईत स्वतःचं काम नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. यातली एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल: इथे आपण जागा विकत घेत नाही आणि जुन्या अर्थाने भाडेकरूही होत नाही. आपल्याला मिळते ती ठरावीक काळ जागा वापरायची परवानगी. त्यामुळे जे लिहून घेतलं तेवढंच आपलं.

गरज आधी ठरवा

कुठेही बसा आणि संध्याकाळी लॅपटॉप उचलून निघा, या पद्धतीला हॉट डेस्क म्हणतात. ठरलेली खुर्ची, टेबल आणि बहुधा एक कुलपाचा खण मिळाला तर ते डेडिकेटेड डेस्क. दोन-चार माणसांची काचेची खोली म्हणजे केबिन. बसायला जागा न घेता फक्त पत्ता आणि टपाल स्वीकारण्याची सोय घेतली तर व्हर्च्युअल ऑफिस. आठवड्यातून दोन दिवसच घराबाहेर बसायचं असेल तर महिन्याची सीट घेऊच नका. आधी डे पास काढून दोन-तीन ठिकाणी बसून बघा.

कामाचं स्वरूप पाहून निवड करा. दिवसभर फोनवर बोलणाऱ्या माणसाला हॉट डेस्क मानवत नाही, त्याला नाही आणि शेजाऱ्यालाही नाही. सीए, वकील, समुपदेशक यांच्याकडे लोक खासगी गोष्टी सांगायला येतात, म्हणून त्यांना केबिन हवी, किंवा निदान मीटिंग रूमचे तास तरी. प्रोग्रामर, डिझायनर, भाषांतरकार यांना शांत कोपरा आणि बरी खुर्ची मिळाली की भागतं.

भाग निवडताना रेल्वेचा नकाशा समोर ठेवा

या दोन शहरांत कामाची जागा किलोमीटरवर ठरत नाही. ती ठरते स्टेशनवर, आणि स्टेशनपासून दारापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यावर.

ठाण्यात नौपाडा, गोखले रोड, राम मारुती रोड हा भाग स्टेशनपासून चालत गाठता येतो. इथल्या जागा लहान आणि बहुतेक जुन्या इमारतींतल्या, पार्किंग जवळपास नाहीच. पण भेटायला येणारे लोक लोकलने येणार असतील तर याहून सोयीचं ठिकाण नाही. वागळे इस्टेट हा मूळचा एमआयडीसीचा औद्योगिक पट्टा. कारखान्यांच्या जागी आता आयटी इमारती उभ्या राहिल्यामुळे मोठी, वातानुकूलित को-वर्किंग इथे सापडतात. ठाणे स्टेशनहून टीएमटीची बस किंवा शेअर रिक्षा मिळते. मुलुंड चेक नाका इथून जवळ आहे, त्यामुळे मुलुंडला उतरून येणारेही बरेच असतात. दोन्ही बाजूंनी एकेकदा येऊन बघा, आणि तेही सकाळी साडेनऊला. दुपारी दोन वाजता वागळे इस्टेटला पोचणं सोपं वाटतं, पण ऑफिसच्या वेळेला शेअर रिक्षाची रांग पाहिली की खरा अंदाज येतो.

घोडबंदर रोडवर माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, कासारवडवली असा पट्टा पसरला आहे. राहायला त्याच बाजूला असाल तर इथली जागा उत्तम, कारण तीन हात नाक्याची कोंडी रोज भोगावी लागत नाही. इतर ठिकाणांहून माणसं येणार असतील तर मात्र दहादा विचार करा. वडाळा ते कासारवडवली आणि पुढे गायमुखपर्यंतचा मेट्रो 4 चा मार्ग याच रस्त्यावरून जातो आणि ब्रोकर त्याचं नाव हमखास घेतात. माझं स्पष्ट मत असं की भाडं आज द्यायचं आहे, तेव्हा जी सोय आज चालू आहे तिच्याच हिशेबाने जागा निवडावी.

नवी मुंबईचं गणित वेगळं. सिडकोने हे शहर वसवताना काही स्टेशनांवरच व्यापारी संकुलं उभारली. वाशी आणि बेलापूरला त्याचा प्रत्यय येतो, आणि सीवूड्स-दारावे स्टेशनवर तर मॉल आणि ऑफिसं दोन्ही आहेत. पावसाळ्यात याची किंमत कळते: गाडीतून उतरायचं आणि छत्री न उघडता लिफ्टपाशी पोचायचं. बेलापूरला कोकण भवन, सिडको भवन आणि महापालिकेचं मुख्यालय असल्यामुळे सरकारी कामं करणाऱ्या सल्लागारांना तो भाग सोयीचा. नोव्हेंबर 2023 पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो धावते आहे, त्यामुळे खारघर आणि तळोज्याच्या लोकांनाही बेलापूर जवळ आलं. तुर्भे-वाशीच्या एपीएमसी बाजाराशी ज्यांचा व्यवहार आहे त्यांनी वाशी किंवा सानपाडा बघावं.

ठाणे-वाशी ट्रान्स हार्बर मार्ग 2004 साली सुरू झाला आणि मधला सगळा औद्योगिक पट्टा दोन्ही शहरांना जोडला गेला. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे ही स्टेशनं याच मार्गावर. डोंबिवली-कल्याणकडून एक माणूस आणि पनवेलकडून दुसरा येणार असेल तर या पट्ट्यातली जागा दोघांनाही बरी पडते. महापेचं मिलेनियम बिझनेस पार्क मात्र स्टेशनला लागून नाही. घणसोली किंवा कोपरखैरण्याहून रिक्षा किंवा एनएमएमटीची बस धरावी लागते, आणि त्या रिक्षाचे रोजचे पैसे भाड्यात मिळवूनच तुलना करा. ऐरोलीतल्या मोठ्या आयटी पार्कांचा काही भाग सेझचा, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राचा, आहे. तिथे प्रवेशाचे नियम कडक असतात, म्हणून तुमच्याकडे बाहेरची माणसं भेटायला येणार असतील तर गेटवर काय प्रक्रिया आहे ते आधीच विचारा.

रविवारी काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट: मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक बहुधा रविवारीच असतो आणि हार्बर, ट्रान्स हार्बरही त्यातून सुटत नाहीत.

बघायला जाल तेव्हा

कामाच्या दिवशी, भर गर्दीच्या वेळी जा. सकाळी अकरा ते एक किंवा दुपारी तीननंतर. शनिवारी सगळीच को-वर्किंग शांत आणि प्रशस्त दिसतात.

आधी इंटरनेट. मॅनेजर वेगाचा आकडा सांगेल, पण तुम्ही स्वतःचा लॅपटॉप जोडा आणि एखाद्या मित्राला अर्धा तास व्हिडिओ कॉल लावा. डाउनलोडच्या आकड्यावर भाळू नका. कॉलमध्ये आवाज तुटतो तो बहुतेक वेळा अपलोड कमी पडल्यामुळे. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन आहेत का, आणि एक पडली की दुसरी आपोआप सुरू होते की कुणाला तरी उठून बदलावी लागते, हे विचारा. मोबाइलची रेंजही तपासा. काचेच्या इमारतींत खिडकीपाशी रेंज असते आणि मधल्या केबिनमध्ये नसते, असं फार ठिकाणी आढळतं. ओटीपी न आल्यामुळे बँकेचं काम अडलं की माणूस कसा वैतागतो हे सांगायला नको.

मग वीज. दोन्ही शहरांत पुरवठा महावितरणचा. देखभालीसाठी वीज कोणत्या वारी जाते, किती वेळ जाते, आणि त्या वेळात जनरेटरवर काय चालतं हे नेमकं विचारा. "बॅकअप आहे" एवढ्या उत्तरावर थांबू नका. दिवे आणि वायफाय चालतात पण एसी बंद, असा बॅकअप मे महिन्यात काचेच्या इमारतीत उपयोगाचा नाही. एसी संध्याकाळी किती वाजता बंद होतो हाही प्रश्न विचाराच. मध्यवर्ती वातानुकूलन असलेल्या कित्येक इमारतींत तो ठरावीक वेळेला बंद होतो आणि पुढच्या तासांचे वेगळे पैसे लागतात. अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी रात्री काम करणाऱ्यांना हाच खर्च सगळ्यात अनपेक्षित असतो.

खुर्चीवर पंधरा मिनिटं बसा. स्वच्छतागृह बघा, दुपारच्या जेवणानंतरचं. डबा खायला जागा आहे का, डबा गरम करायची सोय आहे का, हे विचारायला संकोच वाटून घेऊ नका. रोज बाहेर जेवायचं म्हटलं तर महिन्याचा खर्च सीटच्या भाड्याशी स्पर्धा करायला लागतो. बायकांनी संध्याकाळी उशिरा खाली उतरून स्टेशनपर्यंतचा रस्ता एकदा चालून पाहावा. औद्योगिक पट्ट्यातले रस्ते सातनंतर ओस पडतात, आणि हे ब्रोशरमध्ये कुणी लिहीत नाही. जिन्याकडे जाणारी वाट मोकळी आहे का तेही डोळ्यांखालून घाला. आग लागली तर बाहेर पडायचा तोच मार्ग.

वर्तकनगर-पोखरण रोडकडून येऊरचे डोंगर दिसतात, बेलापूरला पारसिकची टेकडी. श्रावणातला तो हिरवा रंग पाहून मन प्रसन्न होतं हे खरंच. पण खिडकीजवळच्या सीटला जास्त दर लावला असेल तर तीच सीट कायम तुमची राहणार का, हे लिहून घ्या.

जागा देणाऱ्याकडे हक्क आहे का

हा मुद्दा नवे लोक सर्रास सोडून देतात. को-वर्किंग चालवणारा बहुतेक वेळा इमारतीचा मालक नसतो. तो मालकाकडून मजला घेतो आणि पुढे तुम्हाला देतो. वागळे इस्टेट, महापे, रबाळे इथली जमीन एमआयडीसीची, भाडेपट्ट्याने दिलेली. भूखंडधारकाला तिथली जागा दुसऱ्याला वापरायला द्यायची तर एमआयडीसीची परवानगी लागते. नवी मुंबईच्या बऱ्याच भागात असंच नातं सिडकोशी असतं. मूळ मालक आणि चालवणारा यांचं बिनसलं तर कुलूप तुमच्याही दाराला लागतं.

म्हणून तीन गोष्टी मागा: मालकाशी झालेल्या कराराची प्रत (रकमा झाकून दिली तरी चालेल), त्या कराराची मुदत, आणि पुढे जागा वापरायला देण्याची परवानगी असल्याचं कलम. मूळ करार आठ महिन्यांनी संपत असेल आणि तुम्हाला बारा महिन्यांचा लॉक-इन (तेवढ्या काळात जागा सोडता येत नाही असं बंधन) घालत असतील तर सरळ कारण विचारा. चांगला चालक हे कागद दाखवायला कां-कू करत नाही. गृहसंकुलातल्या फ्लॅटमध्ये चालणाऱ्या जागांपासून मी तरी दूर राहायलाच सांगेन. बसायला त्या घरगुती आणि स्वस्त वाटतात, पण सोसायटीने हरकत घेतली की सगळं थांबतं.

पैशांचा हिशेब

सांगितलेला दर आणि खात्यातून जाणारी रक्कम यांत फरक असतो. समजा सीटचा दर महिन्याला 8,000 रुपये सांगितला. त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 1,440, एकूण 9,440. डिपॉझिट दोन महिन्यांचं धरलं तर 16,000 सुरुवातीलाच बाजूला गेले. तुमची जीएसटी नोंदणी असेल आणि तुमच्या सेवेवर तुम्ही कर लावत असाल तर ते 1,440 रुपये इनपुट क्रेडिट म्हणून तुम्ही भरायच्या जीएसटीतून वळते करता येतात. नोंदणी नसेल तर तो निव्वळ खर्च. दोन जागांची तुलना करताना दोघांचेही दर करासह मांडा.

याखेरीज मीटिंग रूमचे मोफत तास किती आणि ते पुढच्या महिन्यात वापरता येतात की बुडतात, प्रिंटआउटचा दर, पाहुण्याचे पैसे, दुचाकी-चारचाकी पार्किंग, नोंदणी शुल्क अशा नावाखाली एकदाच घेतलेली रक्कम, आणि वर्षाअखेरची दरवाढ हे सगळं एका कागदावर लिहा. ब्रोकरच्या मार्फत गेलात तर दलाली कोण देणार हेही पहिल्याच फोनवर स्पष्ट करा. महिन्याचं भाडं 50,000 रुपयांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे टीडीएसचा (भाडं देताना कापून सरकारकडे भरायच्या कराचा) प्रश्न येत नाही. त्यापुढे गेलात तर पहिलं भाडं देण्याआधीच सीएला विचारा.

करार

सीटसाठी बहुधा मेंबरशिप किंवा सेवा करार होतो. केबिन किंवा पूर्ण मजला ठरावीक मुदतीसाठी फक्त तुम्हालाच मिळत असेल तर लिव्ह अँड लायसन्सचा करार होतो, आणि तो नोंदवायचा असतो. "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणीची गरज नाही," असं तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. महाराष्ट्रात हे चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी जागा देणाऱ्यावर असते. खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या वार्षिक 10 टक्के गृहीत व्याजावर मिळून 0.25 टक्के, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये. महिना 30,000 भाडं, 90,000 डिपॉझिट आणि एक वर्षाची मुदत धरली तर मुद्रांक हजार रुपयांच्या आसपासच येतो. नोंदणी ऑनलाइनही होते.

करार कोणताही असो, दोन कलमं सावकाश वाचा. पहिलं लॉक-इन आणि नोटीस पीरियडचं. लॉक-इन सहा महिने आणि नोटीस एक महिना असेल, तर नोटीस लॉक-इन संपायच्या आत देता येते की संपल्यावरच? उत्तर "संपल्यावरच" असेल तर तुमचा लॉक-इन खऱ्या अर्थाने सात महिन्यांचा झाला. आणि लॉक-इन एकतर्फी आहे का हे बघा. तुम्ही सोडू शकत नाही पण ते मात्र पंधरा दिवसांत उठवू शकतात, अशी कलमं सापडतात. ती बदलून मागा. मागितलं तर बऱ्याच वेळा बदलून मिळतात.

दुसरं डिपॉझिटचं. किती दिवसांत परत, कशाकशाची कपात, रंगकामाचे पैसे कापणार का. जागा सोडल्यावर "अकाउंट्सला पाठवलंय" हे उत्तर महिनोन्महिने ऐकणारे लोक मी पाहिले आहेत. तारीख लिहिलेली असेल तर मागणी करायला आधार राहतो.

तोंडी दिलेली सगळी आश्वासनं, म्हणजे रविवारी प्रवेश, जास्तीचे मीटिंगचे तास, पहिल्या वर्षी दरवाढ नाही, अशी एका ईमेलमध्ये लिहून पाठवा आणि "बरोबर आहे" एवढं उत्तर मागवून घ्या. मॅनेजर बदलतात, ईमेल राहतो.

पत्त्याचे कागद

ज्यांना पत्ता हवा आहे त्यांनी हा भाग नीट वाचावा, कारण पैसे सगळ्यात जास्त इथेच वाया जातात.

आधी एक दिलासा. जीएसटी नोंदणीसाठी को-वर्किंगचा पत्ता लागतोच असं नाही. घरमालकाचं संमतिपत्र आणि लाइट बिल असेल तर घरच्या पत्त्यावरही नोंदणी होते. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणीच बंधनकारक नाही. तेव्हा विक्री करणारा माणूस घाई करतो म्हणून पत्ता घेऊ नका. घराचा पत्ता बिलावर छापायचा नसेल, सोसायटी हरकत घेत असेल, किंवा घरमालक संमती देत नसेल, तर घ्या.

घ्यायचाच ठरला तर पैसे भरण्यापूर्वी कागदांचे नमुने मागा: करार, मालकाची किंवा चालकाची एनओसी (ना हरकत पत्र), आणि अलीकडचं लाइट बिल. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय तिथे दाखवायचं असेल तर बिल दोन महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही. या तिन्ही कागदांवरचा पत्ता अक्षरशः सारखा हवा. एकावर "प्लॉट नं. अमुक, रोड नं. तमुक", दुसऱ्यावर फक्त इमारतीचं नाव आणि तिसऱ्यावर भलताच मजला असेल तर अर्जावर शंका काढली जाते. लाइट बिल कुणाच्या नावावर आहे आणि त्या नावाचा तुमच्या एनओसीवर सही करणाऱ्याशी काय संबंध, ही साखळी जोडणारा कागद हातात असू द्या. साखळी तुटलेली असेल तर नंतर ती जोडायला चालक क्वचितच धावतो.

जीएसटीचा अधिकारी प्रत्यक्ष पाहणीला येऊ शकतो. तेव्हा रिसेप्शनवरच्या मुलीला तुमच्या फर्मचं नाव माहीत असलं पाहिजे. नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी जागी लावणं आणि नावाच्या पाटीवर जीएसटी क्रमांक असणं नियमाने आवश्यक आहे, म्हणून व्हर्च्युअल ऑफिस घेताना पाटी लावू देतात का, हे विचारायलाच हवं. "पाटी लावता येणार नाही" असं म्हणणाऱ्याकडून पत्ता घेऊ नका. चालू खातं उघडताना बँकेचा माणूसही याच पत्त्यावर येऊन बघतो.

दुकाने व आस्थापना कायद्याखाली लहान आस्थापनेला ऑनलाइन सूचना देऊन पोच मिळते. पाटी मराठीत, देवनागरीत हवी आणि दुसऱ्या लिपीतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी नकोत. व्यवसाय कराची नोंदणी वेगळी, वर्षाला 2,500 रुपये. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) पूर्ण मोफत आहे, ती करून देण्याचे कुणी पैसे मागितले तर स्वतःच संकेतस्थळावर करा.

पहिला दिवस

केबिन ताब्यात घेताना भिंती, खुर्च्या, काच, एसीचा रिमोट यांचे फोटो काढून त्याच दिवशी मॅनेजरला ईमेल करा. डिपॉझिटची पावती घ्या, यूपीआयचा स्क्रीनशॉट पुरेसा धरू नका. पहिल्या बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक बरोबर छापला आहे का ते बघा, नाहीतर क्रेडिट अडकतं. हाउसकीपिंगच्या मावशी आणि खालच्या सिक्युरिटीच्या काकांशी ओळख ठेवा. कुरिअर कुठे ठेवलंय हे त्यांनाच ठाऊक असतं.

सोडताना

नोटीस ईमेलने द्या, आणि करारात पत्राने द्यायची असं लिहिलं असेल तर पत्रानेही. तोंडी सांगितलेली नोटीस धरली जात नाही. टपाल किती दिवस स्वीकारून ठेवतील हे ठरवून घ्या, कारण कर खात्याची आणि बँकेची पत्रं जुन्या पत्त्यावर येतच राहतात. नोंदणी त्या पत्त्यावर असेल तर नव्या जागेचे कागद हातात आल्याशिवाय जुनी सोडू नका. जीएसटीत पत्त्यातला बदल 15 दिवसांत कळवावा लागतो, कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय बदललं तर 30 दिवसांत. बँक, व्यवसाय कर, उद्यम आणि आस्थापनेची पोच यांतला पत्ता त्याच आठवड्यात बदलून घ्या, आणि डिपॉझिट खात्यात जमा होईपर्यंत मूळ करार व पावती जपून ठेवा.